नित्याच्या धावपळीत एकांतप्रार्थनेची तजवीज

रविवारची उपासना आटोपून मंडळी चर्चच्या पायऱ्या उतरू लागली, म्हणजे कोणी तरी हळूच बाजूला येऊन, आवाज थोडा खाली आणून, बहुधा एकच प्रश्न विचारते: रोज थोडा वेळ एकांतात प्रभूपाशी बसावे असे मनापासून वाटते, पण दिवस हाती लागत नाही, तेव्हा करावे काय? विचारणाऱ्यांत रात्रपाळी करून थेट उपासनेला आलेली परिचारिका असते, वसईहून चर्चगेटला जाण्यायेण्यात रोज तीन तास गाडीत उभा राहणारा कारकून असतो, दोन लेकरांमागे धावणारी आई असते. आणि आश्चर्य असे, की सेवानिवृत्त होऊन चार वर्षे लोटलेले, ज्यांच्या मागे आता शाळेच्या घंटेचा जाच उरलेला नाही असे गुरुजीही असतात. या शेवटच्या गृहस्थांकडे पाहिले म्हणजे दुखण्याचे मूळ उघड होते. वेळेचा तुटवडा खरा आहे, नाही असे नाही. परंतु ज्या कामाला दिवसात नेमलेली जागा नसते, ते काम रिकाम्या दिवसातही होत नाही. यास्तव वेळ कसा वाचवावा, यापेक्षा तो कसा नेमावा, आणि नेमल्यावर त्याचा बंदोबस्त कसा राखावा, हेच येथे सांगण्याचे योजले आहे.

प्रथम खुलासा : वेळ किती लागतो?

पुष्कळांच्या मनात अशी समजूत दृढ झालेली असते की, प्रार्थना म्हणजे निदान तासभर तरी गुडघे टेकून बसणे, आणि तेवढे जमत नसेल तर पाच-दहा मिनिटांच्या बसण्याला काही अर्थ नाही. संतांची चरित्रे वाचून, किंवा वर्षातून एकदा आध्यात्मिक शिबिराला जाऊन आल्यावर ही समजूत विशेष बळावते. शुभवर्तमानांत मात्र प्रार्थनेची मुदत कोठेही ठरवून दिलेली नाही. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हटली तरी तिला एक मिनिट पुरते. नहेम्याची गोष्ट तर त्याहून थोडक्यातली: राजाने प्रश्न विचारला आणि त्याने उत्तर दिले, या दोहोंच्या मधल्या श्वासात त्याने स्वर्गीय देवाला विनवून घेतले, राजाला त्याचा पत्ताही लागला नसावा.

तेव्हा पहिल्या महिन्यात आपण दहाच मिनिटे नेमावीत, ती अंगवळणी पडली म्हणजे पंधरा करावीत, आणि त्यापुढे वाढवण्याची घाई करू नये. उत्साहाच्या भरात पहिल्या सोमवारी पाऊण तास बसणारा मनुष्य पुढल्या सोमवारी बहुधा बसलेला नसतो.

मार्काच्या पहिल्या अध्यायातील प्रसंग आपण पुन्हा एकदा काढून पाहावा. आदल्या संध्याकाळी सगळे गाव दारापाशी लोटलेले, दुखणाईतांची रीघ लागलेली. आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच प्रभू उठून अरण्यातल्या एकांतस्थळी प्रार्थनेसाठी गेलेला. हा प्रसंग आपल्याला उपदेशात वारंवार ऐकवला जातो, तो लवकर उठण्याचा दाखला म्हणून. पण त्याच्या लगेच पुढे काय घडले, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. शिमोन आणि त्याचे सोबती शोधीत शोधीत तेथेही पोहोचले, आणि तो एकांत मोडला. सहाव्या अध्यायात तर विश्रांतीसाठी मुद्दाम तारवात बसून जाण्याची तजवीज केली असता लोक किनाऱ्याकिनाऱ्याने धावत पुढे जाऊन उभे राहिले. प्रत्यक्ष प्रभूची तजवीज जेथे अशी कोलमडली, तेथे प्रार्थनेच्या मध्येच लेकरू जागे झाले म्हणून आईने स्वतःला अपराधी समजण्याचे कारण नाही.

घटिका निवडताना

नव्या सवयीसाठी नवी वेळ शोधू नये. दिवसात जे काम आधीच ठरल्या वेळी होते, त्याच्या पाठीला ही घटिका बांधावी. पूर्वीच्या मंडळींना हे गमक चांगले ठाऊक होते. दानिएल दिवसातून तीनदा खिडकी उघडून यरुशलेमाकडे तोंड करून गुडघे टेकीत असे. वसईच्या पट्ट्यात सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन वेळा होणारी चर्चची घंटा याच जातीची आहे, आणि त्या घंटेसरशी हातातले काम थांबवून म्हणावयाच्या प्रार्थनेला दोन-तीन मिनिटांहून अधिक लागत नाही. ज्याच्या कानी ही घंटा पडत नाही, त्याने स्वतःच्या दिवसातली घंटा हुडकावी. आपल्या परिस्थितीप्रमाणे पुढीलपैकी एक निवडता येईल:

- पहाटेची वेळ. ज्यांना आदल्या रात्री वेळेवर निजता येते त्यांनाच ही मानवते. साडेअकराला निजून साडेचारला उठण्याचा निश्चय हा देहावर काढलेला कर्जरोखा आहे. आठ दिवसांत तो व्याजासह वसूल होतो.
- प्रवासाची वेळ. गाडीत जागा मिळो न मिळो, जपमाळ खिशातल्या खिशात चालते. पाच दशकांच्या फेरीला सुमारे वीस मिनिटे लागतात, म्हणजे वसईकराला बोरिवली येण्याच्या सुमारास ती आटोपता येते. ज्यांच्या मंडळीत जपमाळेचा प्रघात नाही त्यांनी एखादे स्तोत्र पाठ करावयास घ्यावे. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पाठांतर उघडता येते. उतरावयाचे स्थानक मात्र विसरू नये. हे अनुभवाने सांगतो.
- घर रिकामे झाल्यावरची वेळ. मुले शाळेत, मोठी माणसे कामावर गेली, आणि धुणेभांडी सुरू व्हावयाची आहेत, एवढ्यात. भांडी थांबू शकतात; एकदा हात ओले झाले की मात्र मनुष्य थांबत नाही.
- पाळीची वेळ. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांनी घड्याळाशी नाते जोडूच नये. गणवेश अंगावर चढवण्यापूर्वीची किंवा उतरवल्यानंतरची दहा मिनिटे धरावीत, मग ती पहाटेची असोत वा मध्यरात्रीची.

एक घटिका निवडल्यावर ती निदान सहा आठवडे बदलू नये. आणि हो, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या प्रार्थना करू, या सोयीस्कर विचाराला थारा देऊ नये. ती प्रार्थना चांगलीच असते, पण पहिल्या वाक्यानंतर तिचा पुढचा भाग झोप म्हणते.

जागा आणि सरंजाम

स्वतंत्र खोली ज्यांना लाभली आहे ते भाग्यवान. बाकीच्यांनी खोलीत जाऊन दार लावून घेण्याच्या प्रभूच्या आज्ञेचा अर्थ आपल्या घरापुरता लावून घ्यावयाचा असतो. चाळीतल्या दीड खोलीत राहणाऱ्याला गॅलरीतले एक स्टूल, गच्चीचा जिना, किंवा वाटेवरच्या चर्चचे शेवटचे बाक एवढी जागा पुरते; पुष्कळ चर्चे सकाळी काही वेळ उघडी असतात आणि त्या वेळी आत जाऊन नुसते बसण्यास कोणाची परवानगी लागत नाही. अठराव्या शतकातील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांची आई सुझाना, मोठ्या कुटुंबाच्या गलबल्यात, डोक्यावरून एप्रन ओढून घेत असे आणि मुलांना त्यावरून समजे की आता आईशी बोलावयाचे नाही, असे परंपरेने सांगतात. आपल्याकडे पदर आहेच.

सामान थोडेच लागते: शास्त्राची छापील प्रत, एक वही, एक पेन्सिल. भाषा सोपी हवी असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' पाहावे. जुन्या भाषांतराचा नाद ज्यांच्या कानात लहानपणापासून आहे त्यांनी तेच ठेवावे. मोबाईलवर शास्त्र वाचण्यास हरकत काही नाही, आणि गाडीत तर तोच उपयोगी. परंतु ज्या पेटीत शास्त्र आहे त्याच पेटीत साऱ्या नातेवाइकांचे निरोप, बाजारभाव आणि क्रिकेटचा धावफलक असेल, तर पहिले कोणते उघडेल याची हमी भल्याभल्यांनाही देता येत नाही. उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ घ्यावे आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा. दुसरी खोली नसेल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर, डब्यांच्या मागे.

प्रार्थना आपल्या भाषेत करावी, ही एक विनंती. ज्यांचे शिक्षण आणि नोकरी इंग्रजीत झाली ते देवाशीही कचेरीच्या भाषेत बोलू लागतात, आणि मग ती प्रार्थना अर्जासारखी वाटू लागते. फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत रचून 1616 मध्ये छापवले, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाला जवळ केले, पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो मुलींचा सांभाळ करीत असताना आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम चालवले. इतक्या जणांनी इतका खटाटोप केल्यावर आपण 'बापा' म्हणण्यास संकोचावे, हे बरे दिसत नाही.

त्या पंधरा मिनिटांत काय करावे

नव्याने आरंभ करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक येथे होते. ते शास्त्र पहिल्या पानापासून उघडतात, उत्पत्ती आणि निर्गम उत्साहाने संपवतात, आणि लेवीयाच्या यज्ञविधींपाशी येऊन थांबतात. पुस्तक कपाटात जाते ते पुढल्या नववर्षापर्यंत. म्हणून आरंभ मार्काच्या शुभवर्तमानाने करावा. त्याचे अध्याय केवळ 16. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, ज्याचे अध्याय 4, मग लूक. संपूर्ण नवा करार वर्षभरात वाचावयाचा असेल तर त्याचा हिशेब सुबक आहे: एकूण अध्याय 260, आठवड्यातून पाच दिवस रोज एक याप्रमाणे बरोबर 52 आठवडे, आणि शनिवार-रविवार मोकळे. स्तोत्रे 150 आहेत. रोज एक घेतल्यास पाच महिने पुरतात, फक्त 119 व्या स्तोत्राची ओवीसंख्या 176 असल्याने त्याला आठवडाभर द्यावा.

बसल्यावरचा क्रम साधारण असा ठेवता येईल:

1. दोन मिनिटे काही न बोलता, काही न वाचता बसावे. या दोन मिनिटांत विजेचे बिल, भाजी, साहेबांची सही हे सर्व आठवेल. वही त्यासाठीच आहे. आठवले ते एका शब्दात टिपून ठेवावे. टिपलेली काळजी दारात थांबते, न टिपलेली आत येऊन बसते.
2. दहा-पंधरा ओव्या वाचाव्यात. शक्य तर ओठ हलवून, म्हणजे डोळे पुढे धावत नाहीत.
3. जो शब्द अडवील त्यापाशी थांबावे. राहिलेला भाग उद्या वाचता येतो.
4. त्या शब्दाला धरून प्रार्थना करावी, आणि प्रभूच्या प्रार्थनेने शेवट करावा.

चौथ्या पायरीपाशी पुष्कळ जण अडखळतात, कारण बोलावे काय ते सुचत नाही. त्यांच्यासाठी मार्टिन ल्यूथर यांनी 1535 मध्ये आपल्या ओळखीच्या एका नाभिकासाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तकातील युक्ती अद्याप उपयोगी आहे. नाभिकाने प्रार्थनेची सोपी रीत विचारली असता, एवढ्या मोठ्या पंडिताने त्याला तत्त्वज्ञान न सांगता चार पदरांची माळ करावयास सांगितले. घेतलेल्या वचनाकडे चार प्रश्न घेऊन जावयाचे: यात मला शिकण्यासारखे काय आहे, यात आभार कशाचे मानावेत, यात मला कबूल करावे लागेल असे काय आहे, आणि यावरून मी मागावे काय. प्रत्येकाला दोन वाक्ये दिली तरी प्रार्थना भरते. त्याच पुस्तकात, जरा थांब, आधी हे काम उरकतो आणि मग तासाभराने प्रार्थना करतो, अशा विचारांपासून सावध राहण्यास त्यांनी बजावले आहे. त्यावरून निदान एवढे समाधान मिळते की, ही सबब मुंबईच्या लोकलने जन्माला घातलेली नाही. आणि प्रार्थना करताना मन कसे असावे हे सांगण्यासाठी त्यांनी त्या नाभिकाचाच वस्तरा पुढे केला आहे: हजामत करणाऱ्याची नजर वस्तऱ्यावरून ढळली तर गिऱ्हाइकाच्या नाकाची धडगत नाही.

जपमाळ म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. 53 वेळा 'नमो मारिये' म्हणण्याचा आकडा पुरा करण्याकडे लक्ष गेले की रहस्ये मागे पडतात. वेळ थोडा असेल तर एकच दशक घ्यावे, पण त्या दिवसाच्या रहस्यावर चित्त ठेवून. 2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची रहस्ये जोडल्यापासून गुरुवार त्यांना दिलेला आहे; ज्यांच्या जुन्या पुस्तिकेत ती नाहीत त्यांनी नवी घ्यावी.

घरातल्यांचा हक्क

आता जरा नाजूक बाबीकडे वळतो. एका माणसाचा एकांत हा पुष्कळदा दुसऱ्याच्या कष्टांतून काढलेला असतो. प्रस्तुत लेखक अनेक वर्षे पहाटे साडेपाचला शास्त्र घेऊन खिडकीपाशी बसत असे, आणि स्तोत्र संपता संपता चहाचा कप शेजारी येऊन ठेपत असे; हा कप येतो कोठून, याचा विचार त्या स्तोत्रांनी कधी सुचवला नाही, किंवा सुचवला असल्यास ऐकू आला नाही. एके दिवशी घरच्या माणसाने, कप ठेवता ठेवता, शांतपणे विचारले: "तुमची प्रार्थना झाली ना? मग माझी केव्हा व्हायची, तेवढे सांगा." मार्था आणि मरीया यांच्यावर मंडळीत निदान तीन वेळा बोललेल्या माणसाला उत्तर सुचले नाही.

घरात दोन प्रौढ माणसे असतील तर दोघांच्या घटिका एकदम बसून, उघडपणे ठरवाव्यात, आणि एक जण बसला असता दुसऱ्याने नुसते गप्प राहू नये, तर त्याचे काम उचलावे: पाणी भरणे, दूध तापवणे, मुलाला शौचाला नेणे. पॅरिसच्या मठात सतराव्या शतकात स्वयंपाकघर सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या खडखडाटातही देवाचे सान्निध्य अनुभवीत, हे उदाहरण गृहिणींना फार वेळा दिले जाते. ते खरे आहे आणि सुंदर आहे. पण त्यांच्या मठात पायांत घुटमळणारी मुले नव्हती, आणि हे उदाहरण देणारे बहुधा पुरुष असतात. काम करता करता स्मरण ठेवावे, हे ठीकच. ती सबब पुढे करून कोणाची बसण्याची दहा मिनिटे मात्र हिरावून घेऊ नयेत.

वृद्ध सासूबाईंना मोठ्याने प्रार्थना करण्याची सवय असते, तरुण मुलाला शांतता हवी असते. अशा ठिकाणी रात्रीच्या जेवणाआधीची पाच मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना सर्वांची म्हणून राखावी, आणि एकांत ज्याचा त्याला सोडावा. मुलांवर एकांतप्रार्थनेची सक्ती करू नये. आपण बसलेले त्यांना दिसते, तेवढे पुष्कळ आहे.

नोकरी, सुटी आणि मंडळी

संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिलेले आहे. परंतु कामाच्या वेळात प्रार्थनेसाठी निराळी सवलत मागता येईल असा सर्वसाधारण कायदा त्यातून निघत नाही. मधल्या सुटीचा वेळ मात्र आपला आहे, तो चहाच्या टपरीवर घालवावा की कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोळे मिटून, हे आपण ठरवावे. साप्ताहिक सुटी मिळते, ती रविवारीच मिळेल असे नाही. रविवार हवा असेल तर लेखी विनंती करावी, आणि तिच्याबरोबर देवाणघेवाणीची तयारी दाखवावी: दिवाळीत, ईदेला मी पाळी घेईन, मला नाताळ आणि उत्तम शुक्रवार द्यावा. रुग्णालयात अशा अदलाबदली आपापसांत सहज जमतात. तक्रारीने आरंभ केलेल्यांचे मात्र क्वचितच जमते.

कॅथलिक वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो: शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला हजर राहिल्याने रविवारचे कर्तव्य पुरे होते, आणि आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल यांसारख्या गंभीर कारणाने मिस्सा चुकल्यास दोष लागत नाही. शंका असल्यास धर्मगुरूंना विचारावे, मनात कुढत बसू नये.

मंडळीच्या कामांविषयीही स्पष्ट बोललेले बरे. गायकवृंदाचा सराव, महिलामंडळ, तरुणसंघ, समितीची सभा, हे सर्व प्रभूचेच काम. पण जो आठवड्यातील पाच संध्याकाळी प्रभूचे काम करतो आणि प्रभूपाशी एकदाही बसत नाही, त्याने पाळकांना भेटून दोन जबाबदाऱ्या उतरवून मागण्यास काही हरकत नाही. तो त्याचा हक्क आहे आणि समजूतदार पाळक तो मानतात.

खंड पडला, मन लागेना

खंड पडणारच, लग्नसराई येईल, ताप येईल, पाहुणे येतील. तीन दिवस चुकले म्हणून चौथ्या दिवशी चार अध्याय वाचून थकबाकी फेडण्याचा प्रयत्न करू नये. हा शेतसारा नव्हे. वहीत तारीख घालून त्या दिवसाचे तेवढे वाचावे आणि पुढे चालावे.

कधी कधी नेम चालू असतो, पण आत सगळे कोरडे. शब्द पुढे सरकत नाहीत, देव ऐकतो की नाही हेही उमजत नाही. अशा दिवसांत आनंदाची स्तोत्रे ओढून-ताणून म्हणण्यापेक्षा 88 वे स्तोत्र काढावे. त्याचा शेवटही अंधारातच होतो, आणि तरी ते शास्त्रात जसेच्या तसे ठेवलेले आहे. मात्र ही अवस्था आठवड्यांमागून आठवडे टिकली, झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगणे नको वाटू लागले, तर तो श्रद्धेचा उणेपणा समजून प्रार्थना वाढवीत बसू नये. विश्वासू माणसाला सांगावे आणि विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. ताप आला असता आपण जातोच.

राहता राहिले आमच्या घरचे. त्या दिवसापासून लेखकाची घटिका पावणेपाचला सरकली आणि साडेपाचपासून स्वयंपाकघराचा ताबा त्याच्याकडे आला. पहिल्या आठवड्यात दूध दोनदा उतू गेले. आतून, डोळे न उघडता, सूचना आली की गॅस बारीक ठेवावा; त्याप्रमाणे आता ठेवतो.